एकादशीचा हॅम

हॅमवरून सबनीसांच्या घरात कधी वाद झाला नाही. वाद व्हायचा तो हॅमच्या बाजूला काय ठेवायचं यावरून, आणि तो तेरा वर्षं न चुकता झाला. हॅम धाकट्या सुनेचा, जसिंताचा. ती वसईची, नाताळ तिचा सण, त्यामुळे जेवण तिच्या अबू धाबीच्या फ्लॅटवर, मुसफ्फाजवळ. हॅम तिने करायचा आणि बाकीचं सगळ्यांनी वाटून न्यायचं, असा रिवाज सासरे वसंतरावांनी पाडला होता. ते स्वतः हॅमचे चार तुकडे खाऊन वर पाचवा मागायचे. सासूबाई कमलिनीबाई मात्र त्या जेवणाला एकदाही गेल्या नाहीत. बटाट्याची भाजी डब्यात भरून द्यायच्या, मला बरं वाटत नाही म्हणायच्या आणि थोरल्या मुलाच्या, दुबईतल्या अल बर्शाच्या घरात एकट्या टीव्ही लावून बसायच्या. तीन-चार दिवसांनी, जसिंताचा ओटा धुऊन झाला असेल अशा बेताने, तिच्याकडे जाऊन चहा पिऊन यायच्या. हे इतकं बिनबोभाट चाललं होतं की त्यात कुणाला काही वाईट वाटतंय असं कुणी धरलंच नाही.

वसंतरावांना जाऊन तीन वर्षं झाली. या वर्षी मोठी सून गिरिजा हिने मनात घेतलं की आईंनी त्या जेवणाला यायचं, बसायचं आणि जेवायचं.

याचं कारण भक्तिभाव नव्हे की एकोपा नव्हे. गिरिजाची आई कराडला न्हाणीघरात घसरून पडली होती, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि भाऊ उल्हास रोज फोन करून सांगत होता की ताई, मी एकटा पुरत नाही. गिरिजाने शनिवारचं तिकीट काढलं होतं, परतीचं काढलंच नव्हतं. चार महिने लागतील, कदाचित सहा. तेवढे दिवस अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कमलिनीबाईंनी राहायचं कुठे? गिरिजाचा नवरा प्रणव पहाटे तीनला रास अल खोरच्या भाजी बाजारात जायचा, दुपारी येऊन झोपायचा. मुलगी शर्वाणी पंधरा वर्षांची, शाळा सुरू झाली की दिवसभर बाहेर. म्हणजे आईंना धाकट्या कुणालकडे, जसिंताच्या घरी जायला हवं होतं. आणि ज्या घरात त्यांनी तेरा वर्षांत एक घास खाल्ला नव्हता तिथे सहा महिने त्या काय हवा खाणार होत्या?

म्हणून एकदा जेवू देत, असं गिरिजाचं म्हणणं होतं. एकदा त्या टेबलावर बसून जेवल्या की पुढचं सोपं जाईल.

तिचंही काय चुकलं म्हणा. बावीस वर्षं ती सासूबाईंचं सगळं करत होती. आईचं हाड मोडल्याचं कळलं तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली आणि रडून झाल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. या वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की तिने ते नवऱ्यालाही सांगितलं नाही. ती फक्त दमली होती. सकाळी उठतानाच दमलेली असायची.

आईंना आणि कुणालला मी सांगतो, असं प्रणव म्हणाला होता. कुणालला त्याने फोन केला. कुणाल म्हणाला, बघू दादा, इन्शाल्ला होईल काहीतरी. आईंना सांगायचं प्रणव आज-उद्या करत राहिला. जसिंताला कुणाल सांगेल असं प्रणवने धरलं आणि दादा-वहिनी सांगतील असं कुणालने. अशी ही दोन कर्ती मुलं. एकाच्या शब्दावर रास अल खोरला ट्रक हलायचे, दुसऱ्याच्या हाताखाली फॅब्रिकेशनची दोनशे माणसं होती, आणि घरातल्या दोन बायकांशी पाच मिनिटं बोलायची दोघांची छाती नव्हती.

राहिली तारीख. पंचवीसला बुधवार, म्हणजे इथे कामाचा दिवस. शनिवार-रविवार कुणालचं कारखाने बंद ठेवून करायचं शटडाऊनचं काम. मग गुरुवार सव्वीस संध्याकाळी करू या, असं गिरिजानेच फोनवर सुचवलं आणि जसिंता हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी कमलिनीबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार, आणि त्यावर एकादशी. म्हणजे संध्याकाळीसुद्धा उपास सोडायचा नाही, फराळच.

"अगं बाई, माझ्या लक्षातच नाही आलं," असं गिरिजा म्हणाली.

कमलिनीबाईंनी कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं.

त्यांना वाटलं होतं तारीख बदलेल. तारीख बदलली नाही. उलट गिरिजाने शर्वाणीला हॅमबरोबर काय काय खातात ते फोनवर बघायला सांगितलं आणि शर्वाणीने सोफ्यावर पडल्या पडल्या वाचून दाखवलं. स्वीट पोटॅटो. मॅश्ड पोटॅटो. कुकुंबर सॅलड. पाइनॅपल. पीनट्सचं कसलंतरी. गिरिजा हातातलं काम टाकून ऐकत राहिली. रताळी, बटाटा, काकडी, अननस, शेंगदाणे. हे तर सगळं उपासाचं. "आई, बघा ना, यातलं एकही तुम्हाला वर्ज्य नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात इतकी आशा होती की कमलिनीबाईंना तिच्याकडे बघवेना.

"पण आजी कॅन जस्ट टेक अ डबा, नो? लाइक ऑल्वेज," शर्वाणी म्हणाली.

"या वेळी डबा नाही," गिरिजा म्हणाली.

मग सुरू झाला यादीचा घोळ. सबनीस यूएई नावाच्या ग्रुपवर चार दिवस दुसरं काही आलं नाही. जसिंताने लिहिलं की रताळी मी ओव्हनमध्ये भाजते, वर गूळ आणि दालचिनी. दालचिनी उपासाला चालते का, असं गिरिजाने आईंना विचारलं. कमलिनीबाई म्हणाल्या, चालत असेल, आमच्याकडे घालत नाहीत. म्हणजे नको, असं गिरिजाने लिहिलं. बटाटे जसिंता लोण्यात लसूण घालून करणार होती, तर लसूण गेला, लोण्याच्या जागी तूप आलं. काकडीच्या कोशिंबिरीत मोहरीची फोडणी नको, जिऱ्याची हवी. कोथिंबीर? आमच्याकडे नाही. हळद? अजिबात नाही. ब्रेड रोल वेगळ्या टेबलावर. प्रणवने मध्येच अंगठा दाखवला, कुणाला ते कुणालाच कळलं नाही.

गोडाचं घोडं सगळ्यात जास्त अडलं. जसिंताचा नाताळचा केक रममध्ये भिजवलेल्या मनुकांचा, तो आईंच्या ताटात येणं शक्यच नव्हतं. फ्रूट कस्टर्ड म्हणावं तर कस्टर्ड पावडर मक्याची. साबुदाण्याची खीर प्रणवला बघवत नाही. शेवटी जसिंताने लिहिलं की माझी आई खजूर वाटून त्यात अक्रोड भरून वड्या करायची, साखरसुद्धा लागत नाही, ते चालेल का आईंना? गिरिजाने आईंना विचारलंही नाही. चालेल, असं टाकून दिलं आणि खाली हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते चित्र बघून जसिंताला जरा नवल वाटलं. एवढे आभार कशाचे?

जसिंता एका दवाखान्यात नर्स होती. पायात आखडलेल्या शिरा, आणि सुट्टीच्या दिवशी पाय उशीवर ठेवून पडून राहण्यापलीकडे कसली हौस नाही. तरी या वर्षी तिला हुरूप आला होता. तेरा वर्षं सासूबाई तिच्याकडे जेवल्या नव्हत्या. ती कधी बोलली नाही. कुणाल म्हणायचा, आईचं असंच आहे गं, मनावर घेऊ नको. आता मनावर घ्यायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येत असतं तर आणखी काय हवं होतं? दर नाताळला बटाट्याच्या भाजीचा डबा यायचा, ती तो रिकामा करून घासून ठेवायची.

पंचवीसला ड्यूटी संपवून ती मुसफ्फाच्या चर्चमध्ये गेली. गर्दीत बसायला जागा मिळाली नाही, पूर्ण मिसा तिने उभ्याने ऐकली. येताना सुपरमार्केटमध्ये शिरली. हॅम तिने आधीच घेऊन ठेवला होता, मागच्या बाजूच्या त्या वेगळ्या खोलीतून, जिच्या दारावर मुस्लिमेतरांसाठी अशी पाटी असते आणि जिथला माणूस पुडकं काळ्या पिशवीत घालून देतो. आज तिला भांडी हवी होती. ओव्हन एकच, त्यात हॅम तीन तास बसणार, त्यातच रताळी भाजली तर आईंना सांगणार कोणत्या तोंडाने? आणि सांगितलं नाही तर ती फसवणूक झाली. तिने एक नवं पातेलं घेतलं, नवी कढई, नवी सुरी, एक डाव, पाच-सहा वाट्या. "एकशे ऐंशी दिरहॅम," बिल बघून कुणाल म्हणाला, "म्हणजे चार हजार रुपये झाले. एका जेवणासाठी?"

"तुझी आई येतेय," जसिंता म्हणाली.

कुणालने बोलायची वेळ होती ती हीच. भांड्यांची स्टिकरं काढायला तिला मदत करत तो अर्धा तास ओट्याशी उभा होता. दोनदा त्याने घसा खाकरला. तिने विचारलं, सर्दी झाली का? तो म्हणाला, एसीमुळे.

गुरुवारी सकाळी जसिंताने आधी उपासाचं सगळं केलं. ओटा पुसला, गॅस पुसला, नव्या पातेल्यात रताळी उकडली, नव्या कढईत तूप घालून परतली, वर गूळ सोडला. बटाटे जिरं-मिरचीवर टाकले, शेंगदाण्याची आमटी केली. रताळी कापल्यावर आतून केशरी निघाली, इजिप्तची. प्रणवच्या गाळ्यावरच्या जहूरने निवडून पेटी पाठवली होती. केशरी रताळं उपासाला चालतं का, हे विचारायला तिने फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. पुरे झालं, असं तिला वाटलं. सगळं झाकून तिने ते हॉलमधल्या टेबलावर नेऊन ठेवलं, आणि मगच फ्रीजच्या तळातून हॅम बाहेर काढला.

इकडे अल बर्शात गिरिजाने दिवे लागायच्या आधीच महालक्ष्मीची आरती उरकली. कमलिनीबाईंनी नेहमीप्रमाणे पोथी वाचली, जरा भरभर वाचली. साडेपाचला गाडी निघाली. पुढे प्रणव आणि आई, मागे गिरिजा आणि शर्वाणी. दीड तासाचा रस्ता.

कमलिनीबाई त्या दीड तासात वाट बघत होत्या. प्रणव काहीतरी बोलेल. उल्हासचे फोन त्यांनीही ऐकले होते, घर केवढंसं, भिंती केवढ्याशा. गिरिजाच्या आईचं कळलं त्या दिवशी त्या स्वतःच म्हणणार होत्या की जा तू, माझं काय. पण ते म्हणायला कुणीतरी आधी सांगावं लागतं. कुणी सांगितलंच नाही तर जा तरी कसं म्हणायचं? प्रणव बोलला ते जेबल अलीजवळच्या ट्रॅफिकबद्दल. मग रडारबद्दल, इथे एकशेचाळीसच्या वर गेलं की फ्लॅश पडतो म्हणून. मग आई एसी कमी करू का. नको, म्हणाल्या त्या. बाहेर अंधार पडला. वसंतराव असते तर पहिल्या सिग्नलला सांगून मोकळे झाले असते, भांडण झालं असतं आणि अबू धाबी यायच्या आत मिटलंही असतं. त्यांना त्या क्षणी नवऱ्याची इतकी आठवण आली की त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

जसिंताच्या घरात हॅमचा वास होता, लवंगेचा, अननसाच्या रसाचा आणि त्या खाली त्याचा स्वतःचा. दारातच तो कमलिनीबाईंच्या नाकात गेला. त्यांनी पदर नाकाशी नेला नाही, हे जसिंताने पाहिलं. गिरिजानेही पाहिलं.

दोन टेबलं मांडली होती. एकावर हॅम, ब्रेड रोल, केक. दुसऱ्यावर झाकलेली भांडी. कुणालने आईसाठी दुसऱ्या टेबलाशी खुर्ची ओढली. कमलिनीबाई उभ्याच राहिल्या.

"सगळे कुठे बसणार?" त्यांनी विचारलं.

सगळे हॅमच्या टेबलाशी बसणार होते. आईंच्या जवळ कुणीतरी बसेल, गिरिजा बसेल, असं काही ठरलेलं नव्हतं.

"मग माझं ताट तिकडेच आण," त्या म्हणाल्या आणि हॅमच्या टेबलाच्या टोकाला जाऊन बसल्या.

जसिंताने ताट वाढलं, नव्या डावाने, नव्या वाट्यांत. कुठलं भांडं कशाचं ते सांगायला तिने तोंड उघडलं तर कमलिनीबाई म्हणाल्या, स्टिकरचा डिंक राहिलाय अजून वाटीला, गरम पाण्यात खोबरेल टाकून घास. एवढंच. मग त्यांनी रताळं तोंडात घातलं.

"केशरी आहे," त्या म्हणाल्या. "गोड आहे पण. चांगलं झालंय."

प्रणवने हॅम कापला, बाबांसारखा जाड तुकडा काढून कुणालच्या ताटात टाकला. शर्वाणीने फोटो काढले. दहा मिनिटं खरोखर बरी गेली. कमलिनीबाईंनी बटाटा पुन्हा घेतला, आमटी पुन्हा घेतली. खजुराची वडी खाल्ली आणि जसिंताच्या आईचं नाव विचारलं, ज्या बाईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. जसिंताने नाव सांगितलं, इग्नेशिया, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून आले. तिला वाटलं, झालं, आपला नाताळ झाला.

गिरिजाने टेबलाखालून प्रणवच्या पायाला पाय लावला. आता.

प्रणव पाणी प्यायला. "आई," तो म्हणाला, "तुला इथे बरं वाटतंय ना? म्हणजे हवा वगैरे. इथे जरा मोकळं आहे. कुणालकडे दुसरी बेडरूम रिकामीच असते."

कुणालने ताटात बघितलं.

"गिरिजा शनिवारी कराडला जातेय," कमलिनीबाई म्हणाल्या. "परतीचं तिकीट नाही. आणि मला इथे ठेवायचंय. मला माहीत आहे रे. तू रडारबद्दल बोलत होतास तेव्हाही माहीत होतं."

"आई, मी सांगणारच होतो..."

"तू नाही सांगणार होतास." त्या गिरिजाकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "सकाळी उठून घट तू मांडतेस. चारही गुरुवार. पाच फळं, विड्याची पानं, सगळं तू आणतेस. आणि शेवटचा गुरुवार तुझ्या लक्षात आला नाही? मुद्दाम एकादशी बघून दिवस धरलास. साध्या दिवशी मला वाढायचं म्हणजे वरण-भात आला, पोळी आली, मी नाही नाही म्हणत बसले असते. उपासाचं रताळं, बटाटा, फळं, ते कुणाच्याही घरचं चालतं."

गिरिजाने नाकारलं नाही.

"तुला कंटाळा आलाय माझा," कमलिनीबाई म्हणाल्या. "येईल, मलाही येतो. पण ते मला सांगायला तुला एवढा मोठा हॅम लागला?"

"आई, कंटाळा नाही," गिरिजा म्हणाली आणि थांबली. खोटं बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो. "हो. दमलेय मी. माझी आई तिथे पडून आहे आणि मी इथे दालचिनी चालते का विचारत होते."

"एक मिनिट," जसिंता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती उभी होती, हातात केकची सुरी. तिने ती हळूच खाली ठेवली.

"आई इथे राहणार आहेत?" तिने कुणालला विचारलं. "किती महिने? आणि हे तुला माहीत होतं?"

"दादाचा फोन आला होता. मी बघू म्हटलं. हो म्हटलं नव्हतं मी."

"काल अर्धा तास स्टिकर काढत होतास माझ्याबरोबर."

जसिंता बसली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त तिला मूर्ख वाटत होतं. सकाळपासून ती गाणं गुणगुणत कढई घासत होती. तिला वाटलं होतं सासूबाई तिच्याकडे येतायत. त्या येत नव्हत्या, त्यांना आणलं जात होतं. आणि तिची बेडरूम, तिचा ओटा, तिच्या ड्यूट्या, यांबद्दल तिला एका शब्दानेही कुणी विचारलं नव्हतं. हात जोडल्याचं चित्र तेवढं पाठवलं होतं.

"मी नर्स आहे म्हणून धरलंत ना सगळ्यांनी," ती म्हणाली. "घरी येऊनही तेच करेल."

"नाही गं, तसं नाही," गिरिजा म्हणाली, पण अगदी तसंच होतं, आणि ते दोघींना कळलं.

कमलिनीबाईंनी ताट पुढे सरकवलं. "जसिंता," त्या म्हणाल्या, "मला कुणी विचारलं नाही, तुलाही नाही. ही दोघं कशी आहेत ते मला माहीत आहे, मीच वाढवलीयत. आता मी विचारते. मी राहिले तर तुला चालेल का? नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. मी कराडला जाईन गिरिजाबरोबर, दोन म्हाताऱ्यांना ती एकदमच बघेल."

शर्वाणी हसली आणि लगेच गप्प झाली. गिरिजाला हसू आलं नाही.

जसिंताने केकची सुरी बाजूला सरकवली. "काल विचारलं असतंत तर मी आनंदाने हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "आज मला नाही म्हणावंसं वाटतंय. तेरा वर्षं तुम्ही माझ्या घरी जेवला नाहीत, आई. मी आजारी होते तेव्हासुद्धा डबा पाठवलात. मला वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं."

"माहीत होतं मला," कमलिनीबाई म्हणाल्या.

"माहीत होतं?"

"हो. माहीत असूनही आले नाही. आता काय सांगू तुला? एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी हो म्हणायची लाज वाटते. मग दर वर्षी वाटते."

टेबलाखाली कुणाचा तरी फोन थरथरला. कुणी उचलला नाही.

"हॅम माझ्या फ्रीजमध्ये राहणार," जसिंता म्हणाली. "नाताळपुरता नाही. मला हवा तेव्हा मी आणणार."

"तुझा फ्रीज आहे. वरचा कप्पा मला दे म्हणजे झालं."

"ड्यूटी असेल त्या दिवशी मी सकाळी सहाला जाते. चहाचं तुमचं तुम्हाला करून घ्यावं लागेल."

"हात आहेत मला."

"आणि दालचिनी मी घालणार रताळ्यात."

"घाल बाई," कमलिनीबाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय अळणीच लागत होतं."

जसिंताने नाक पुसलं. ड्रॉवरमधून दवाखान्याचं जुनं पॅड आणि पेन काढलं, चष्मा लावला आणि गिरिजाशेजारी येऊन बसली. पेशंट ताब्यात घेताना बसते तशी. "सांगा वहिनी," ती म्हणाली. "सकाळपासून सांगा. गोळ्या, खाणं, झोप, सगळं."

झालं. गिरिजाला जे हवं होतं ते झालं होतं. तिला वाटलं होतं या क्षणी खांद्यावरून काहीतरी उतरेल. तिने सांगायला सुरुवात केली. ब्लडप्रेशरची गोळी साडेसातला, खाऊन झाल्यावर. भात जरा मऊ, पण गिचका नाही. बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवायचा. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्या बाजूने बोलायचं नाही. गुडघ्याला तेल लावायचं तर आधी तळहातावर कोमट करायचं. नको नको म्हणतात, तेव्हा दुसऱ्यांदा विचारायचं, तिसऱ्यांदा नाही. जसिंता लिहीत होती. कमलिनीबाई खजुराची दुसरी वडी हातात धरून ऐकत होत्या, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशा. गिरिजाचा आवाज कुठेतरी जड व्हायला लागला होता, पण ती थांबली नाही. तिला हे सगळं पाठ होतं आणि आपल्याला ते पाठ आहे हे तिला आजच कळत होतं.

"आणि सकाळी साडेपाचला चहा," ती म्हणाली. "त्यात गवती चहा लागतोच. आमच्या बाल्कनीत कुंडी आहे, मी प्रणवबरोबर पाठवते. दोन पाती, मोठी असली तर दीड. त्याच्याशिवाय आई चहाला हात लावत नाहीत."

"गवती चहा नको घालूस," कमलिनीबाई जसिंताला म्हणाल्या.

गिरिजा थांबली. "आई, तुम्हाला तर आवडतो."

"मला नाही आवडत. कधीच नाही आवडला." त्या सुनेकडे बघत होत्या, मोठ्या सुनेकडे, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता. "लग्न होऊन आलीस, पहिल्या दिवशी तू केलास, आणि इतकी भेदरलेली उभी होतीस की मी म्हटलं, छान झालाय. मग तू कुंडी आणलीस."

"बावीस वर्षं?" गिरिजा म्हणाली.

"तू पहाटे उठून करायचीस गं," कमलिनीबाई म्हणाल्या. "नको कसं म्हणणार होते मी?"

जसिंताने लिहिलेल्या ओळीवर काट मारली. गिरिजा त्या खोडलेल्या ओळीकडे बघत राहिली, आणि मग सगळ्यांसमोर, हॅमच्या उष्ट्या ताटावर डोकं टेकून, लहान मुलीसारखी रडायला लागली.